नाळेला चिमटा कधी लावायचा: बाळाच्या लोहसाठ्यासाठी पहिल्या तीन मिनिटांचा क्रम

बाळ जन्मल्यावर १ ते ३ मिनिटं थांबून मगच नाळ कापायची, ही सूचना लेबर रूममध्ये काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पाठ असते. तरीही कित्येकदा चिमटा विसाव्या-तिसाव्या सेकंदालाच लागतो. कारण अगदी साधं असतं. चिमटा हाताशी उघडून ठेवलेला असतो, घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर असतं आणि वेळ मोजायची कुणी हे ठरलेलंच नसतं. म्हणून हा लेख तयारी आणि क्रम यांवर आहे. तो मुख्यतः सिस्टर, एएनएम (आरोग्यसेविका) आणि मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी लिहिला आहे, पण पहिला आणि शेवटचा टप्पा बाळाच्या घरच्यांनीही नीट वाचावा.

## थांबल्याने बाळाला नेमकं किती मिळतं

दिवस भरलेलं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्ताचा साधारण एक तृतीयांश भाग अजून वारेत (प्लासेंटात) असतो. ते रक्त बाळाचंच असतं. ‘थांबलो तर आईचं रक्त बाळात जाऊन ती अशक्त होईल’ ही भीती घरच्यांना वाटते, पण तसं काही होत नाही. नाळ मोकळी ठेवली तर पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे येतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, त्या हिशेबाने हे ४० ते ५० मिलिग्रॅम लोह झालं.

हा आकडा लहान वाटेल, म्हणून तो आईच्या दुधाशेजारी ठेवून पाहा. आईच्या दुधातून बाळाच्या पोटात दिवसाला जेमतेम पाव मिलिग्रॅम लोह जातं. म्हणजे सहा महिन्यांत साधारण तेवढंच, ४५ ते ५० मिलिग्रॅम, आणि तेही सगळं शोषलं जात नाही. सहा महिने निव्वळ दुधावर असलेलं बाळ खरं तर जन्माच्या वेळच्या साठ्यावरच जगत असतं.

काठमांडूतल्या एका प्रसूतिगृहात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बाळांची नाळ तीन मिनिटांनी बंद केली होती, तर काहींची एका मिनिटाच्या आत. आठव्या महिन्यात पहिल्या गटातल्या ७३ टक्के बाळांना ॲनिमिया होता, दुसऱ्या गटातल्या ८२ टक्के बाळांना. फरक खरा आहे, पण ७३ हा आकडाही नजरेआड करू नका. नाळेची तीन मिनिटं बाळाला पहिल्या अर्ध्या वर्षाची शिदोरी देतात. त्यापुढचं काम सिरप आणि जेवणाने करायचं आहे. महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक आढळली, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आपल्याला यातलं काहीच सोडून चालणार नाही.

## टप्पा १: कळा सुरू होण्याआधी

हे काम नवव्या महिन्यातल्या तपासणीलाच उरकून घ्या. कळा सुरू झाल्यावर कुणी समजावून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं.

बाळाच्या आईने किंवा तिच्यासोबत येणाऱ्या बाईने डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘बाळ रडलं तर नाळ किती वेळाने कापणार? सिझेरियन झालं तर?’ उत्तर केसपेपरवर एका ओळीत लिहून घ्यावं. यात उद्धटपणा काही नाही. उशिरा नाळ बंद करणं हे ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सांगितलेलंच आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही एका मिनिटाच्या आत नाळ बंद करू नका असंच सांगते. आई एचआयव्हीबाधित असली तरी हाच नियम आहे.

दुसरा विषय नाळेतल्या रक्ताच्या खासगी बँकेचा. भरपूर रक्त गोळा करायचं तर नाळ लवकर बंद करावी लागते, आणि पिशवीत गेलेलं ते रक्त बाळाला मिळत नाही. ‘कुटुंबाचा विमा’ म्हणून अशी साठवण करण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना करत नाही. करार आधीच झाला असेल, तर ‘नाळ बंद करण्याची वेळ बदलायची नाही, त्यानंतर मिळेल तेवढंच घ्या’ असं लेखी कळवा.

आणि गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या. चौथ्या महिन्यापासून रोज एक, ६० मिलिग्रॅम लोहाची. आईला तीव्र ॲनिमिया असेल तर बाळाचा साठा मुळातच तुटपुंजा असतो.

तपासा: केसपेपरवर चार गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: गर्भाचे आठवडे, बाळ एक की जुळं, वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली आहे का, आणि आईचं शेवटचं हिमोग्लोबिन. नाळेसाठी थांबायचं की नाही हे यांवरच ठरतं.

## टप्पा २: टेबलाची मांडणी

बहुतेक चुकांचं मूळ इथे असतं, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ बाळंतपण करणारीच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर हवं. पुष्कळ ठिकाणी ते वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाच्या) वरच्या भिंतीवर असतं, म्हणजे बाळाला हातात धरलेली सिस्टर त्याच्याकडे पाठ करून उभी असते. मग ती अंदाजाने वेळ धरते, आणि घाईच्या वेळी अंदाज हमखास फसतो. घड्याळ हलवणं जमत नसेल तर मदतनीस सिस्टरला ते काम द्या. तिने दर तीस सेकंदांनी मोठ्याने पुकारा करायचा: ‘तीस’, ‘एक मिनिट’, ‘दीड’. डॉक्टर कितीही ज्येष्ठ असले तरी पुकारा थांबवायचा नाही, हे ड्युटी सुरू होतानाच ठरवून घ्या.

ट्रेमधला क्रम उलटा लावा. सगळ्यात जवळ दोन कोरडे, गरम केलेले टॉवेल आणि टोपी. त्यानंतर ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आवळणाऱ्या औषधाची) भरलेली सिरिंज. चिमटे आणि निर्जंतुक ब्लेड किंवा कात्री सगळ्यात लांब, झाकलेल्या अवस्थेत. हाताला आधी जे लागतं तेच आधी वापरलं जातं. ही साधी अदलाबदल समजावण्यापेक्षा जास्त काम करते.

बॅग-मास्क (बाळाला हाताने श्वास देण्याची पिशवी आणि मास्क) आईच्या टेबलापासून दोन पावलांवर हवं. तळहातावर मास्क दाबून बॅग चालते का ते बघा. बॅग लांबच्या खोलीत असेल तर बाळ जरा मंद दिसताच सगळे घाबरतात आणि पहिला हात नाळेकडे जातो.

इशारा: पंखा आणि एसी बंद करा. थांबण्याच्या काळात बाळ गार पडलं तर मिळवलेलं गमावाल.

## टप्पा ३: बाळ बाहेर येताना

नाळेचा वेढा गळ्याभोवती असला की तिथल्या तिथे दोन चिमटे लावून कापायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. वेढा सैल असेल तर बोटाने डोक्यावरून सरकवा. तो डोक्यावरून येत नसेल तर बाळाचं डोकं आईच्या मांडीलगत धरून अंग बाहेर येऊ द्या आणि मग वेढा सोडवा. फारच आवळलेला, काही केल्या न सुटणारा वेढा क्वचित असतो. कापणं त्याच्यासाठीच राखून ठेवा.

वेळ मोजायला सुरुवात पूर्ण बाळ बाहेर आल्यावर करा, डोकं दिसल्यावर नाही. खांदे यायला अर्धा मिनिट लागला तर तोच अर्धा मिनिट चुकून हिशेबात धरला जातो.

## टप्पा ४: पहिला मिनिट

१. बाळाला सरळ आईच्या पोटावर ठेवा. वारेतून रक्त नीट उतरावं म्हणून बाळाला खाली धरून ठेवायची गरज नाही. अर्जेंटिनात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मिनिटांनंतर खाली धरलेल्या आणि आईच्या अंगावर ठेवलेल्या बाळांच्या वजनात पडलेली भर, म्हणजे वारेतून आलेलं रक्त, जवळपास सारखीच निघाली.

२. डोकं, पाठ, हात-पाय खसाखसा पुसा. ओला टॉवेल काढून टाका, कोरडा पांघरा, टोपी घाला. पुसणं हेच बाळाला जागं करणं आहे. पाय धरून उलटं टांगणं आणि पाठीवर थापट्या मारणं पूर्ण बंद करा.

३. बाळ रडतंय किंवा व्यवस्थित श्वास घेतंय का पाहा. घेत असेल तर नाळेला हात लावू नका. तोंडात नळी घालून सरसकट चोखून काढायचीही गरज नाही.

४. श्वास नसेल तर नाळ तशीच ठेवून पाठ दोन-तीनदा चोळा. तोंडात काही अडकलेलं दिसत असेल तरच ते काढा. तरीही श्वास सुरू झाला नाही तर लगेच चिमटा लावा, नाळ कापा, बाळ वॉर्मरवर घ्या आणि पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग-मास्कने श्वास द्यायला सुरुवात करा.

चौथ्या मुद्द्याबाबत मन पक्कं असू द्या. लोहाची भर पुढे घालता येते, थांबलेल्या श्वासाची नाही. नाळ जोडलेली असतानाच आईच्या शेजारी श्वास देण्याची सोय काही मोठ्या रुग्णालयांत आहे. आपल्याकडे तशी खास ट्रॉली आणि सराव नसेल तर तो प्रयोग ऐन वेळी करू नका.

५. मदतनीस सिस्टरने आईच्या पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री करावी आणि एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यावं. ‘इंजेक्शन दिलं, आता नाळ कापायलाच हवी’ हा गैरसमज आहे. इंजेक्शन आपल्या वेळेला, चिमटा आपल्या वेळेला. थांबल्यामुळे आईचा रक्तस्राव वाढतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही.

## टप्पा ५: पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या मिनिटापर्यंत

आता काम फक्त पाहण्याचं आहे, आणि पाहण्यासारखं बरंच असतं. सुरुवातीला नाळ टपोरी, निळसर आणि ताठ असते. दोन बोटांत हलकेच धरली तर ठोके स्पष्ट लागतात. हळूहळू ठोके मंदावतात, निळा रंग उतरत जातो आणि नाळ पांढुरकी, चपटी, लुळी पडते. काही बाळांत हे दोन मिनिटांत होतं, काहींत तीन मिनिटं उलटून जातात. नाळ लुळी पडली आणि एक मिनिट नक्की उलटून गेला, या दोन्ही खुणा जुळल्या की चिमटा लावायला हरकत नाही. ठोके सुरूच असतील तर तीन मिनिटांपर्यंत थांबा.

या वेळेत हमखास होणाऱ्या चुका:

- ठोके बघायच्या निमित्ताने नाळ बोटांत घट्ट दाबून धरणं. असं दाबलं की प्रवाह तिथेच अडतो. एकदा हलकेच तपासा आणि बोट काढा.
- वेळ वाचवायला नाळ बाळाकडे पिळणं. दिवस भरलेल्या, रडणाऱ्या बाळाला याची गरजच नाही. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळात तर ते कधीही करू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण नाळ पिळलेल्या गटात २२ टक्के होतं, तर थांबलेल्या गटात ६ टक्के.
- वार सुटली का हे बघायला नाळ ओढणं. गर्भाशय आवळलेलं नसताना ओढलं तर नाळ तुटू शकते किंवा गर्भाशय उलटून बाहेर येऊ शकतं.
- ‘आधी वजन करू’ म्हणून बाळ उचलणं. वजन तासाभराने केलं तरी चालतं.

## टप्पा ६: चिमटा आणि कापणं

बाळंतपणात मळलेले वरचे हातमोजे काढून मगच नाळेला हात लावा, म्हणजे सुरुवातीलाच दोन जोड घातलेले असू द्या. बाळाच्या पोटापासून २ सेंटिमीटरवर पहिला चिमटा लावा, ५ सेंटिमीटरच्या आसपास दुसरा, आणि मधोमध निर्जंतुक ब्लेडने किंवा कात्रीने कापा. टोकातून रक्त झिरपतंय का ते लगेच आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी बघा. टोकाला हळद, तेल, राख, पावडर, काहीही लावायचं नाही. नाळ कोरडी आणि उघडी राहू द्या.

लगेच केसपेपरवर लिहा: जन्म १०.१२.०५, चिमटा १०.१४.५०. नुसतं ‘उशिरा नाळ बंद केली’ असं लिहू नका. महिनाअखेरीस या नोंदी एकत्र पाहिल्या की आपण खरोखर किती थांबतो ते कळतं, आणि तो आकडा बहुतेक वेळा समजुतीपेक्षा कमी निघतो.

घरी किंवा वाटेत बाळंतपण झालं तर: निर्जंतुक ब्लेड नसेल तर नाळ कापूच नका. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांना मिळून पांघरा, १०८ ला फोन करा. वार बाहेर आली तर ती पिशवीत घालून बाळाजवळच ठेवा. घरातल्या विळीने किंवा गंजक्या पात्याने कापल्यास जंतुसंसर्गाचा धोका खूप मोठा असतो.

## सिझेरियन असेल तर

सिझेरियनमध्येही थांबता येतं, पण नियोजन लागतं. बाळ निर्जंतुक गरम टॉवेलमध्ये घेऊन आईच्या मांड्यांवर, निर्जंतुक कपड्यावरच ठेवा आणि लगेच पुसा. पुकारा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी किंवा टेबलाबाहेरच्या सिस्टरने करायचा. आईचा रक्तस्राव आटोक्यात असेल आणि बाळ श्वास घेत असेल तर निदान एक मिनिट थांबा. गर्भाशयाच्या कापलेल्या कडांतून जास्त रक्त येत असेल तर शल्यविशारदांचा शब्द शेवटचा.

## थांबायचं नाही अशा वेळा

- बाळाला बॅग-मास्कची गरज आहे.
- वार आधीच सुटली आहे, नाळ फाटली आहे, किंवा नाळेच्या रक्तवाहिनीतूनच रक्त येत आहे.
- आईला जोरदार रक्तस्राव होतोय किंवा ती कोसळली आहे.

एकाच वारेची जुळी, डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह बिघडलेला दिसणारं वाढ खुंटलेलं बाळ आणि आर-एच विसंगतीने (आई आणि बाळाचे रक्तगट न जुळल्याने) बाधित बाळ यांच्याबाबत निर्णय तज्ज्ञांनी आधीच केसपेपरवर लिहून ठेवावा.

कमी दिवसांचं असणं हे मात्र घाई करण्याचं कारण नाही. उलट अशा बाळाचा साठा आणखी कमी असतो, कारण लोहाचा मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांतच जमतो. श्वास चालू असेल तर त्यालाही एक मिनिट द्या. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर त्या वेळेत त्याला गळ्यापर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस

जास्तीच्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) तयार होतं, त्यामुळे फोटोथेरपी (काविळीवरचा प्रकाशोपचार) लागणाऱ्या बाळांची संख्या किंचित वाढते. दिवस भरलेल्या बाळांवरच्या अभ्यासांचा २०१३ चा एकत्रित आढावा सांगतो की लवकर नाळ बंद केलेल्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं, उशिरा केलेल्यांत ४ टक्क्यांच्या जरा वर. या भीतीने नाळ लवकर कापू नका, काविळीवर लक्ष ठेवा.

४८ तासांच्या आत घरी सोडू नका. सोडताना बाळाला उजेडात, खिडकीजवळ नेऊन कपाळावर आणि छातीवर बोट दाबून कातडीचा रंग बघा. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. आशाताईंची तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची घरभेट यासाठी फार मोलाची असते. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ म्हणून थांबू नका.

मधुमेह असलेल्या आईचं किंवा वाढ खुंटलेलं बाळ लालबुंद दिसतंय, सुस्त आहे, दूध ओढत नाही, असं असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) तपासून घ्या.

## टप्पा ८: सहावा महिना आणि पुढे

नाळेतून मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतो. तेव्हापासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप द्यायचं आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ते अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मोफत मिळतं. दोन वार ठरवून घ्या, उदाहरणार्थ बुधवार आणि शनिवार, आणि प्रत्येक मात्रेची खूण एमसीपी कार्डावर (माता-बाल संरक्षण कार्डावर) करा. शी काळी झाली म्हणून बंद करू नका. लोहाने ती काळी होतेच.

जन्माचं वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. अशा बाळाला लोह बरंच आधी, साधारण दुसऱ्या महिन्यापासून लागतं आणि फारच कमी वजनाच्या बाळाला त्याहूनही लवकर. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असताना सिरप थांबवा, बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाला ते विचारल्याशिवाय देऊ नका. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबार, पालघरकडच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

इशारा: बाटली मोठ्या भावंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. जास्त लोह पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

जेवणात घट्ट वरण किंवा मुगाची खिचडी, वर लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. खाणाऱ्या घरात सातव्या महिन्यापासून अंडं, कुस्करलेली मासळी, शिजवलेली कलेजी बिनधास्त द्या. नाचणीची पेज चांगलीच, पण तिच्यातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून नुसत्या पेजेवर भिस्त ठेवू नका. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. आणि चहात बुडवलेलं बिस्किट तर मुळीच नको. चहा जेवणातलं आणि सिरपमधलं लोह आतड्यात शोषू देत नाही, आणि आजी-आजोबांच्या बशीतून तो बाळाच्या तोंडी लागतो तो नेमका याच महिन्यांत.